खैरनार रॅपिड रिस्पॉन्स, गंगापूर रोड

२ एप्रिल २००३, गुढीपाडवा

मुहूर्त साधला. सकाळी गुढी उभारली आणि लगेच गेटवर बोर्ड लावला. बोर्ड जरा तिरका लागला आहे, उद्या सरळ करीन. सातपूरच्या कंपनीतून व्हीआरएस घेतल्यापासून जो तो विचारत होता, आता काय करणार? हे घ्या. हे करणार. (ही वही कुणी वाचणार नाही, तरी उत्तर दिलेलं बरं.)

कल्पना अशी. गंगापूर रोडच्या बंगल्यांत हल्ली चोराचा अलार्म बसवायची फॅशन आली आहे. दार उघडलं की गच्चीवरचा भोंगा वाजतो. वाजतो, पण येतं कोण? चौकीतल्या हवालदारांनी मला सरळ सांगितलं की साहेब, मांजर गेलं तरी तुमचा भोंगा बोंबलतो. दर वेळी पळत आलो तर बाकीची कामं कुणी करायची? आधी कुणीतरी जाऊन खात्री करा, मग फोन करा, लगेच येतो. हा 'कुणीतरी' म्हणजे मी. एवढी साधी गोष्ट आजवर नाशिकात कुणाच्या डोक्यात आली नाही. शिवाय जुलै-ऑगस्टात सिंहस्थ. सगळे पोलीस घाटावर, सगळे बंगले वाऱ्यावर. त्या दोन महिन्यांत मी सबंध कॉलेज रोड घेतो की नाही बघा.

व्यवस्था: भोंगा वाजला की बंगल्यातला डबा आपोआप आमच्या घरी फोन लावतो. त्यात माझ्या आवाजातला रेकॉर्डेड मेसेज आहे. फोन आमची सौ. आशा उचलणार, कॉलर आयडीवर नंबर बघून बंगला ओळखणार, आणि पोर्चमध्ये बसलेल्या झुंबरला, म्हणजे पेठ तालुक्यातून आलेल्या आमच्या गड्याला, हाक मारणार. झुंबर एम-एटी गाडीवरून सुटणार. मी सुपरव्हिजन.

आशा म्हणजे आमचं हुकमी पान. कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर उभा जन्म काढला तिने. डिरेक्टरी कशाला उघडता, खैरनारबाईंना विचारा, असं जनरल मॅनेजर म्हणायचे. गेल्या वर्षी नोकरी सोडली, एक्स्टेंशनं चुकतात म्हणाली. मी ते तेव्हाही मानलं नव्हतं. आज बोर्डाला हार घालताना म्हणाली, मला जमेल का हो आता? म्हटलं, नम्रपणा पुरे.

११ एप्रिल

पहिला अलार्म! वत्सलाबाईंचा. या आमच्या पहिल्या ग्राहक, रिटायर्ड मुख्याध्यापिका, पलीकडच्या गल्लीत एकट्या राहतात. आशाने फोन उचलला, नाव सांगितलं, झुंबर सुटला, मागोमाग मी स्कूटरवर. कारण: पंख्याच्या वाऱ्याने कॅलेंडर हललं आणि सेन्सरला तो माणूस वाटला.

एकच गोष्ट खटकली. आम्ही पोहोचलो तोवर अख्खी गल्ली तिथे हजर. एकाच्या हातात बॅट, एकीच्या हातात लाटणं, आणि वत्सलाबाई सगळ्यांना कोकम सरबत देत होत्या. मी लोकांना समजावलं की यापुढे आपण धावत येऊ नये, हे प्रोफेशनल काम आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मलाही एक ग्लास दिला.

संकल्प: शेजाऱ्यांचा कायमचा बंदोबस्त करणे.

१९ एप्रिल

गडबड. दोन नव्या ग्राहकांची अदलाबदल: अलार्म दाताच्या डॉक्टरांकडे, झुंबर द्राक्षवाल्या शेठकडे. शेठ जेवायला बसलेले, हा दारात काठी आपटतोय. तिकडे डॉक्टरांचा भोंगा तासभर बोंबलत राहिला आणि शेवटी शेजारच्याने शिडी लावून वायर तोडली. डॉक्टर फोनवर नको ते बोलले.

चौकशी केली. दोष कॉलर आयडीचा. आकडे फार बारीक आहेत. आशा त्या आकड्यांकडे बराच वेळ बघत होती असं झुंबर म्हणतो. बघणारच, दिसायला नकोत? मोठ्या आकड्यांचा फोन आणला. झुंबरलाही दम भरला, कारण कुणाला तरी भरायला हवा होता.

४ मे

आशाचा चेष्टेखोर स्वभाव अजून गेलेला नाही. आज दुपारी मी घरातच होतो, आतल्या खोलीत. अलार्मचा फोन आला. रिसीव्हरमधून आतपर्यंत ऐकू येणारा माझाच रेकॉर्डेड आवाज: 'खैरनार रॅपिड रिस्पॉन्स. आपल्या ग्राहकाच्या घरी अलार्म वाजत आहे.' तर आशा त्या आवाजाला विचारते, अहो कुठे आहात तुम्ही, केव्हापासून जेवायची थांबलेय, आमटी गार झाली. मेसेज पुन्हा तेच म्हणाला. आशा म्हणाली, ते असू द्या, आधी घरी या.

मी बाहेर येऊन हसलो. ती हसली नाही. माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे, आणि रिसीव्हर हळूच खाली ठेवला. मग दोघांनी जेवून घेतलं. आमटी गरमच होती.

त्या नादात झुंबरला निरोप द्यायचा राहिला. शेठचा भोंगा होता. शेठने सर्व्हिस बंद केली. द्राक्षाचा सीझन संपला की या लोकांना कशाची गरज राहत नाही.

१८ मे

दिनेशचा पुण्याहून फोन. चिरंजीव सॉफ्टवेअरमध्ये आहेत, म्हणून सगळ्यातलं कळतं. म्हणाला, परवा आईशी बोललो, तिने एकच गोष्ट चारदा विचारली, तिला मेंदूच्या डॉक्टरकडे न्या, मी अपॉइंटमेंट घेतो. म्हटलं, ऑपरेटर माणूस मेसेज कन्फर्म करण्यासाठी परत विचारतो, ती ट्रेनिंगची सवय असते. तो म्हणाला, बाबा, तुम्ही दिवसभर तिच्यासमोर असता, तुम्हाला खरंच दिसत नाही?

मुलाला बिझनेस कळत नाही, हेच खरं. सिंहस्थ उरकला की बघू. डॉक्टर कुठे पळून जात नाही.

२ जून

आज जे झालं ते लिहितानाही संताप होतोय. आणि यात आशाची काडीची चूक नाही, हे आधी नमूद करतो. तिने बरोबर बंगला सांगितला. दाताच्या डॉक्टरांचा. ते महाबळेश्वरला गेलेले. झुंबर वेळेवर पोहोचला. दार उघडं आणि एक इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ टीव्ही उचलून बाहेर येतोय. तो झुंबरला म्हणाला, मी डॉक्टरांचा साडू, टीव्ही रिपेअरला न्यायचाय, हा भोंगा बंद कसा करतात हो? झुंबरने भोंगा बंद केला. मग टीव्हीचं दुसरं टोक धरून टेम्पोत चढवू लागला. वर मिक्सर आणि चांदीचं ताट राहिलं म्हणून आठवण करून दिली.

विचारलं तर म्हणतो, 'सायेब, साडू म्हनल्यावर काय इचारायचं? आमच्या पेठकडं साडू आला तर पानी आधी देत्यात, मंग बोलत्यात.'

डॉक्टरांनीही सर्व्हिस सोडली. सोडताना त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. त्यात आमच्या फर्मचं नाव आहे, पण मदत करणारे म्हणून नाही.

तरीही प्रत्येक आपत्तीतून सिस्टीम सुधारते. आजपासून नियम: आत सापडलेल्या इसमाला गेटबाहेर आणून बसवायचं. घरच्या माणसाने समोर येऊन ओळख पटवल्याशिवाय आत सोडायचं नाही. तो काय सांगतो ते ऐकायचं नाही. मग तो साडू असो नाहीतर कलेक्टर. झुंबरकडून पाढ्यासारखं म्हणवून घेतलं. आशाही त्याच्यासोबत म्हणाली आणि दोघं हसत होते. किती दिवसांनी हसली.

२१ जून

पाऊस. छतावरच्या भोंग्यांत पाणी शिरून तीन ग्राहक कमी झाले. याला नैसर्गिक गळती म्हणतात.

आशाने चहात मीठ घातलं. मी प्यायलो. झुंबरही प्यायला.

३ जुलै

दुपारपासून झुंबर गायब. संध्याकाळी परत आला, चिंब भिजलेला. विचारलं, कुठे होतास? तर देवळाली कॅम्पला. आशाने पाठवलं. आम्ही लग्नानंतर तिथे चाळीत राहायचो, दिनेश तिथलाच. आशा त्याला म्हणाली, दिनेश शाळेतून आला असेल, दाराला कुलूप बघून रडत बसेल, लवकर जा. झुंबर गेला. त्या खोलीत आता एका जवानाचं कुटुंब राहतं. त्यांनी याला चहा-पोळी दिली. हा गडी शाळा सुटेपर्यंत थांबला आणि एकेका पोराला नाव विचारत बसला.

मी आधी असं लिहायला घेतलं होतं की कव्हरेज एरिया कॅम्पपर्यंत वाढवावा ही आशाची सूचना विचार करण्यासारखी आहे. अर्धं वाक्य लिहिलंही. मग पुढे हात चालेना. दिनेशला स्वतःचा मुलगा आहे, तो यंदा पहिलीत गेला. मला भीती वाटते आहे.

वरचं शेवटचं वाक्य पावसाळी हवेमुळे आहे. हवा सुधारली की खोडीन.

४ जुलै

हवा तशीच.

९ जुलै

वत्सलाबाई आल्या होत्या. त्यांची शिकवण्याची सवय जात नाही. आशा आत गेल्यावर मला म्हणाल्या, 'भाऊ, रागावू नका. तिला आता कळत नाही. काल माझ्याकडे आली आणि विचारलं, खैरनार कुठे राहतात? मी हात धरून घरी आणून सोडलं. तुम्ही कुठेसे पॅम्फ्लेट वाटत होतात.'

म्हटलं, बाई, ती कंट्रोल रूमची इन्चार्ज आहे. त्या म्हणाल्या, हो ना, म्हणूनच सांगतेय. मी म्हटलं, तुमचा अलार्मचा काय प्रॉब्लेम असेल तो सांगा. त्या म्हणाल्या, अलार्म काढून टाका, मला नको. मी रोज दुपारी आशाजवळ येऊन बसत जाईन.

शेवटचा ग्राहक होता. पण ग्राहकच कंट्रोल रूममध्ये येऊन बसला तर त्याला अलार्म कशाला, या दृष्टीने पाहिलं तर गैर नाही. ग्राहकसंख्या सध्या निरंक. पाया भक्कम आहे.

रात्री आशाला विचारलं, वत्सलाबाईंकडे कशाला गेली होतीस? म्हणाली, वत्सलाबाई कोण?

१५ जुलै

नवी झेप. घरातच डेमो युनिट बसवलं. हॉलमध्ये टेलिफोनशेजारी लाल बटण, गच्चीवर भोंगा. सिंहस्थात ग्राहक बघायला आले तर काही दाखवता यावं. दुसरा कुठलाही हेतू नाही. आशा घरात एकटी असते तेव्हा उपयोगी पडेल, हा बोनस.

आशाला शिकवलं: अनोळखी माणूस घरात दिसला की घाबरायचं नाही, ओरडायचं नाही, हे बटण दाबायचं. तिने मान डोलावली आणि सात-आठ वेळा न दाबता नुसतं बोट ठेवून बघितलं. मी म्हटलं, काय करायचं, सांग बघू? म्हणाली, अनोळखी माणूस दिसला की दाबायचं. बरोब्बर! दुपारी परत विचारलं, परत बरोबर. संध्याकाळीही बरोबर. वत्सलाबाईंना कळवलं की स्मरणशक्ती ठणठणीत आहे. त्या आशाच्या शेजारी जाऊन बसल्या.

२६ जुलै

सिंहस्थाचा अंदाज किंचित चुकला. पोलीस घाटावर जातील हे बरोबर होतं. पण बाहेरच्या जिल्ह्यांतून इतके आणतील हे कुणी सांगितलं नव्हतं. कोपऱ्याकोपऱ्यावर पोलीस. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पोरगेला पोलीस खुर्ची टाकून बसतो. वत्सलाबाई त्याला डबा देतात. नाशकात आज जेवढी सुरक्षितता आहे तेवढी कधीच नव्हती. धंद्याच्या दृष्टीने परिस्थिती गंभीर आहे.

पॅम्फ्लेट घेऊन शेठकडे गेलो होतो. ते म्हणाले, खैरनार, वहिनींना बघा आता, धंदा राहू द्या. गावात सगळ्यांना तेच एक वाक्य पाठ झालंय.

संकल्प: १. सिंहस्थानंतर नव्या जोमाने. २. आशाला रोज बदाम. ३. आशाला तिचे जुने नंबर विचारत जाणे, म्हणजे सराव राहील.

२८ जुलै

संकल्प ३ सुरू केला. जनरल मॅनेजरांचं एक्स्टेंशन विचारलं. आठवेना. डिस्पॅच? आठवेना. गेट? आठवेना. मग तिने माझा हात धरला आणि म्हणाली, अहो, मला रागावू नका ना, मी पाठ करते. शाळेतल्या मुलीसारखी म्हणाली.

मी रागावलो नव्हतो. रागावलो होतो. संकल्प ३ रद्द.

५ ऑगस्ट

दिनेशचा फोन. अपॉइंटमेंट घेतलीय म्हणाला, पुढच्या आठवड्यात पुण्याला आणा. म्हटलं, कंट्रोल रूम बंद ठेवता येणार नाही. तो म्हणाला, बाबा, तुमच्याकडे एकही ग्राहक नाही. म्हटलं, म्हणूनच तर, कधीही येऊ शकतो.

त्याने फोन ठेवला. चोवीस तास सेवा म्हणजे काय, हे नोकरदाराला कळणार नाही.

झुंबरला म्हटलं, गावी जायचं तर जा, भाताची लावणी असेल. म्हणाला, उरकली सायेब, आन बाईंपाशी कुनी नको का?

१२ ऑगस्ट

आत्ता घरात आहे. वत्सलाबाईंनी त्यांचे पाहुणे म्हणून मला आत घेतलं. दिनेशला फोन केला, तो पुण्याहून निघाला आहे. त्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, ये तू, डॉक्टरांकडे नेऊ. 

झालं ते क्रमाने लिहितो.

दुपारी वत्सलाबाई यायच्या होत्या. आशा पलंगावर पडलेली. मी मोरीतून हातपाय धुऊन हॉलमध्ये आलो, बनियनवर होतो, टॉवेलने तोंड पुसत. आशा उठून दारात उभी. माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, झोप झाली? ती भिंतीला धरून हळूहळू टेलिफोनपाशी सरकली. घाबरली नाही, ओरडली नाही. बटण दाबलं.

गच्चीवरचा भोंगा पहिल्यांदाच वाजला. आवाज चांगला मोठा आहे. पोर्चमधून झुंबर काठी घेऊन लगेच आत. आशाने माझ्याकडे बोट दाखवलं आणि त्याला म्हणाली, हा माणूस आत आलाय. झुंबर माझ्याकडे बघतो, तिच्याकडे बघतो. त्याने तिला विचारलं, 'बाई, हे सायेब हायेत ना?' ती म्हणाली, साहेब ड्यूटीवर गेलेत.

मी म्हटलं, आशा, अगं मी. मी बनियनवर आहे म्हणून. थांब, शर्ट घालतो. शर्ट घातला. चष्माही लावला. तिने परत बटणावर बोट ठेवलं.  लग्नाला इतकी वर्षं झाली, मला घाबरलेलं मी तिला कधी बघितलं नव्हतं.

झुंबर माझ्याजवळ आला आणि हळू म्हणाला, 'सायेब, घरच्या मानसानं वळखलं नाय तर भाईर बसवायचं, तुमीच सांगितलंय. तुमी भाईर आल्याबिगर बाई निवायच्या नायत.' म्हटलं, बरोबर आहे. त्याने माझ्या दंडाला धरलं, पण धरल्यासारखं नाही, आजारी माणसाला धरतात तसं. आम्ही दोघं गेटबाहेर आलो. मी पायरीवर बसलो.

तोवर गल्ली जमलेली. बॅटवाला, लाटणंवाली, सगळे. खुर्ची टाकून बसणारा पोलीसही पळत आला, त्याने विचारलं काय भानगड आहे. मी उभा राहून सगळ्यांना सांगितलं की घाबरू नका, डेमो चालू आहे. सिस्टीम चालते का ते बघत होतो. बॅटवाला म्हणाला, छान, लगेच आला की तुमचा माणूस. आणि लोक एकेक करून मान खाली घालून गेले. पोलीस जाताना माझ्या खांद्याला हात लावून गेला.

वत्सलाबाई आल्या. मला पायरीवर बघून त्यांना सगळं कळलं. त्या आत गेल्या, आशाला म्हणाल्या, अगं, हे तुझे यजमान. आशा म्हणाली, असं कसं म्हणता, माझे यजमान तरणे आहेत.

मग जरा वेळाने तीच बाहेर आली. भीती गेली होती. हातात पाण्याचा तांब्या होता, तो गेटच्या ग्रिलमधून दिला. म्हणाली, उन्हाचे आलात का? म्हटलं, हो. तुमचं गाव कुठलं? म्हटलं, इथलाच. मी पाणी प्यायलो. ती ग्रिलला धरून माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि माझी दया आल्यासारखं तिने विचारलं, घरी कोण असतं तुमच्या?

म्हटलं, बायको असते.

मग तिला फोन करून सांगा ना इथे आहात म्हणून, ती म्हणाली, जेवायची थांबली असेल.

हो म्हणालो. फोन आत होता.